चौथी पट्टी

त्या काळी मी कुणाच्या दारात उभी राहिले की लोक आधी माझ्या मागं बघायचे. इंजिनियर कुठं आहे? मीच इंजिनियर, असं सांगितलं की माझ्या हातातल्या पिशवीकडं बघायचे, मग उगाच जिन्याकडं, आणि शेवटी "चहा घेणार ना?" असं विचारून सावरून घ्यायचे. चहा मी घ्यायचे. अपमान आणि चहा दोन्ही रोजचेच होते, त्यातला चहा तरी गोड असायचा.

कराडच्या कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स करून मी साताऱ्यात पुष्करच्या दुकानात लागले होते. पोवई नाक्याजवळ खाली चपलांचं दुकान आणि वर आम्ही. पुष्कर कॉम्प्युटर विकायचा आणि ते बिघडले की मी जायचे. शिरवळच्या कारखान्यांपासून सांगलीच्या पेठांपर्यंत सगळा मुलूख माझा. एस्टीची खिडकी, मांडीवर पिशवी, पिशवीत स्क्रूड्रायव्हर, फ्लॉप्यांचा डबा, खोडरबर आणि आईनं दिलेली पोळीभाजी. हल्ली लोक बिघडलेली वस्तू फेकून नवी आणतात आणि त्याला प्रगती म्हणतात. म्हणोत बापडे. मला मात्र ते दिवस आठवले की गलबलून येतं, कारण तेव्हा बिघाडाशी समोरासमोर भांडायला मिळायचं. आणि मला भांडायला आवडतं, हे माझ्या घरचेही सांगतील.

अठ्ठ्याण्णव सालची दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी दुकानात पाय टाकला तोच पुष्कर म्हणाला, "श्रद्धा, सांगलीला जा. नाना भिड्यांचं मशीन पुन्हा निळं पडलंय."

विंडोजचं फारच बिनसलं की सगळा पडदा निळा व्हायचा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत अगम्य आकडे यायचे आणि मशीन जागच्या जागी थिजायचं. आमच्या धंद्यात त्याला निळं पडणं म्हणत. नानांचं मशीन दसऱ्यापासून निळं पडत होतं. पुष्करनं फोनवरून चार उपाय सांगून पाहिले होते आणि नानांनी फोनवरूनच त्याची चांगली खरडपट्टी काढली होती.

नारायणराव भिडे, म्हणजे नाना, सांगलीतले जुने फोटोग्राफर. गणपती पेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ. सत्तरीला आलेला हा गृहस्थ अंधाऱ्या खोलीतली कामं सोडून एकदम कॉम्प्युटरकडं वळला, आणि वळला तोही कसा, तर थेट दोनशे छप्पन्न एमबी मेमरीपर्यंत! आज हा आकडा सांगितला तर शाळेतली मुलंसुद्धा हसतील. पण तेव्हा साताऱ्यात कुणाकडं बत्तीस असली तरी तो चारचौघांत सांगायचा. लोक जसे आपलं बागायत किती ते सांगतात तसे नाना मेमरी सांगत. "आमची दोनशे छप्पन्न." समोरच्याला एमबी म्हणजे काय ते कळत नसे, पण तो मान डोलवायचा.

एवढी मेमरी त्यांना लागायची हेही खरं. फोटो उघडला की कॉम्प्युटर तो आधी मेमरीत मांडतो. मेमरी म्हणजे कामाचं टेबल. पासपोर्ट फोटोला टेबलाचा कोपरा पुरतो, पण मोठा आणि बारीक स्कॅन केलेला फोटो दुरुस्त करायचा तर अख्खं टेबल मोकळं लागतं. नानांच्या मशीनमध्ये मेमरीच्या, चौसष्ट-चौसष्ट एमबीच्या, तीन पट्ट्या आधीपासून होत्या आणि चौथी दसऱ्याच्या सुमारास पुण्याहून आली होती.

मी पोचले तेव्हा स्टुडिओच्या बाकावर एक उंच, सडपातळ माणूस बसला होता. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं. शेजारी सहाएक वर्षांची मुलगी पाय हलवत होती. नाना आतून आले ते फणकाऱ्यातच.

"आलीस? बरं झालं. पुण्याचा तो विक्रेता काय म्हणतो ठाऊक आहे? म्हणे विंडोजला एवढी मेमरी झेपत नाही, एक पट्टी काढून ठेवा. अरे, मी काय शोभेला घेतली?"

"नाना, श्रद्धाला बसू तरी द्या," त्यांची सून चारुशीला म्हणाली. कॉम्प्युटरवरचं सगळं काम चारूच करायची. तिनं मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि हळू आवाजात बाकावरच्या माणसाची हकीकत सांगितली.

त्याचं नाव बिराप्पा. जतच्या बाजूचा धनगर. दिवाळी झाली की ही माणसं मेंढरं घेऊन बाहेर पडतात ती पावसाळ्याच्या तोंडाला परततात. गेल्या साली कोकणात उतरताना वाटेतच त्याची बायको अंजना तापानं गेली. मुलगी राणी तेव्हा कळपाबरोबरच होती. यंदा तिला गावातल्या शाळेत घातलं होतं, त्यामुळं आजीपाशी मागं ठेवून जायचं होतं. पहिल्यांदाच. आणि उद्या पहाटे मेंढरं हलणार होती.

अंजनाचा फोटो म्हणून एकही नव्हता. मात्र पाचेक वर्षांपूर्वी नानांनी बिरोबाच्या जत्रेत गजीचा फोटो काढला होता. ढोलाच्या तालावर, हातात रुमाल घेऊन, गोल धरून धनगर नाचतात, ती गजी. त्या गोलात बिराप्पा होता आणि मागं झाडाच्या सावलीत बायांच्या घोळक्यात अंजना. निगेटिव्हला कधीच बुरशी लागली होती. उरला होता फक्त एक छापील फोटो, त्यातही अंजनाच्या अंगावरून घडीची पांढरी रेघ गेलेली. तिचा चेहरा म्हणाल तर जोंधळ्याच्या दाण्याएवढा.

"तेवढाच कोपरा अगदी बारीक स्कॅन केलाय," चारू म्हणाली. "कमी बारीक केला तर चेहऱ्याच्या जागी नुसते ठिपके येतात. हा चांगला आलाय, पण उघडायला गेलं की मशीन निळं. लग्नाचे फोटो कितीही करा, काही होत नाही. दसऱ्यापासून हा एकच उघडत नाही."

बाकावरून बिराप्पा म्हणाला, "बाई, हुईल न्हवं आज? चारच्या गाडीनं जायाला पायजे आमाला."

"बघते," मी म्हणाले. इंजिनियर कुठं आहे हे त्यानं विचारलं नव्हतं. तेवढ्यावरच मी त्याच्या बाजूची झाले.

"न्हाई, ही पोरगी इचारती वं," तो संकोचून सांगू लागला. "आय कशी हुती म्हनती. मी म्हनतो तुज्यावानी हुती. तर म्हनती, मी कशी हाय त्ये मला कुटं दिसतंय?"

राणीनं बापाकडं पाहिलं आणि पुन्हा पाय हलवायला लागली.

मी कामाला लागले. विंडोजला खोटं सांगायची एक सोय असते. मशीनमध्ये मेमरी आहे त्यापेक्षा कमी आहे, असं एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं. मी आधी एका पट्टीपुरतं लिहिलं. फोटो उघडला नाही, पण मशीनही निळं पडलं नाही. जागा पुरत नाही एवढंच सांगून गप्प बसलं. दोन पट्ट्यांना तेच. तिसरी मोजायला लावली तेव्हा फोटो उघडला. चारूनं लगेच घडीची रेघ भरायला घेतली, पण एक फटकारा मारला की कॉम्प्युटर हार्ड डिस्क खरवडत बसायचा, आणि तिसऱ्या फटकाऱ्याला जागा संपली म्हणाला. टेबल अपुरं पडलं की तो उरलेलं डिस्कवर मांडायला जातो, आणि डिस्क लग्नांनी गच्च भरलेली. चौथी पट्टी मोजायला लावली आणि फोटो उघडला, तर पडदा निळा.

"बघ! म्हणजे पुण्याचा तो म्हणतो तेच!" नाना म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा पडला की मला त्यांची कीव आली.

"थांबा हो नाना. विंडोजवर आळ घ्यायच्या आधी पट्टी बघू."

माझं म्हणणं साधं होतं. छोट्या फोटोंचं काम पहिल्या तीन पट्ट्यांतच भागत असणार, चौथीपर्यंत कुणी जातच नव्हतं. हा एवढा मोठा फोटो आला तेव्हाच तिच्यावर खरं ओझं पडलं. ती वाहत नसेल तर तिला झेपत नाही, विंडोजला नाही. मी मशीन बंद केलं, वायर काढली, झाकण उघडलं आणि चौथी पट्टी तिच्या खाचेतून ओढली. ती चिकटली होती. मेमरीची पट्टी कधी चिकटत नाही.

पट्टीच्या खालच्या काठावर सोनेरी दाते असतात, त्यांतून सगळी ये-जा चालते. त्या दात्यांवर तांबूस काहीतरी वाळलं होतं. आधी मला गंज वाटला. नखानं खरवडलं तर नख पिवळं झालं. सांगलीत पिवळं काय असतं हे कुणी सांगायला लागत नाही.

"नाना, हे काय आहे?"

नानांनी वाकून पाहिलं आणि मग छताकडं पाहिलं. "काय असणार? हळद-कुंकू."

"मेमरीला?"

"खंडेनवमीलाच आली ना ती. त्या दिवशी मी कॅमेऱ्याची पूजा करतो, एन्लार्जरची करतो. मग हिची नको?"

"अहो, सगळे बाहेरून लावतात! डब्यावर लावतात!"

"काम डबा करतो का?" नानांनी मला उलट विचारलं. "जी वस्तू काम करते तिची पूजा करायची. आत घालण्याआधी तबकात ठेवली, फूल वाहिलं, रीतसर केलं सगळं."

"आणि कुंकू नेमकं या सोनेरी दात्यांवर?"

"दाते कसले? पाय आहेत ते. ती उभी कशावर राहते? नवीन माणूस घरात येतं तेव्हा आपण पायांवर पाणी घालतो, कुंकू लावतो, मग आत घेतो."

"पाणी?" माझा आवाज चढला. "पाणी पण घातलंत?"

"पळीभर. चारूनं पुसून घेतलं की लगेच."

चारू भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये फार गुंतली होती.

मी तिथंच खाली फरशीवर बसले आणि हसत सुटले. चिडायचं ठरवलं होतं, पण जमेना. चार वर्षं इंजिनियरिंग शिकले, तिथं मेमरीचे सतरा रोग शिकवले, पण तिचे पाय कुठं असतात हे कुणी सांगितलं नव्हतं. ओलं हळद-कुंकू दोन दात्यांच्या मध्ये बसून वाळलं होतं आणि खाली सोन्यावर हिरवट डाग धरला होता. मशीन सुरू होताना मेमरी नुसती मोजली जाते, तेव्हा चौथी पट्टी हजेरी द्यायची. पण तिच्यात काही ठेवलं की परत देताना ती भलतंच द्यायची. ते लक्षात यायचं आणि विंडोज निळी पडून थांबायची. बिचारी इतके दिवस खरं बोलत होती आणि सगळे तिलाच बोल लावत होते.

मी पिशवीतला खोडरबर काढला आणि दाते घासायला घेतले. बिराप्पा उठून जवळ आला, त्यानं पट्टीकडं पाहिलं आणि चिंतेनं विचारलं, "आवं नाना, द्येवाचं लावलेलं पुसलं तर चालंल न्हवं?"

"चालतं," नाना म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "कालची फुलं आज काढतोच की आपण."

खाचेच्या आतलं कुंकू माझ्यानं निघेना. तेव्हा नानांनी आतून त्यांचा सगळ्यात बारीक ब्रश आणला. फोटोवरचे पांढरे ठिपके भरायचा. स्पिरिटमध्ये बुडवून त्यांनी ती खाच अशी साफ केली की मला बघत राहावंसं वाटलं. चष्मा कपाळावर, श्वास रोखलेला, हात मुळीच हलत नव्हता. सगळं वाळू दिलं, पट्टी बसवली, झाकण न लावताच मशीन सुरू केलं. चारूनं फोटो उघडायला घेतला. पडद्यावर वरून खाली एकेक पट्टा उमटत गेला आणि शेवटपर्यंत उमटला.

"झालं," चारू म्हणाली.

नानांनी माझ्यासाठी दुसरा चहा सांगितला, आणि बरोबर कांदाभजी.

चारूनं घडीची रेघ भरली. मग झाडाची काळी सावली हळूहळू उजळायला सुरुवात केली. आधी साडीचा काठ आला, मग डोरल्याचे मणी, मग कपाळावरचं आडवं कुंकू. बिराप्पा खुर्चीच्या मागं येऊन उभा होता. चेहरा आला तेव्हा त्याच्या तोंडून "व्हय" एवढंच आलं.

पण चेहरा खाली झुकलेला होता. डोळे दिसत नव्हते, नुसत्या पापण्या.

नानांनी जीभ टाळूला लावून चुक् केलं. "नजर खाली आहे. असू दे, मी डोळे काढून देतो." मग त्यांनी बिराप्पाला समजावलं, की गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर लावायचा तर त्याची नजर समोर हवी, घरातल्यांवर हवी. लोक तसंच मागतात. मिटलेल्या पापण्यांवर नानांनी आजवर किती जणांचे डोळे काढून दिले होते, आणि घरच्यांना ते खरेच वाटले होते.

बिराप्पानं मान डोलवली. "काढा मग. पोरीकडं बघाय पायजे तिनं. म्हनून तर आलोय."

नाना ब्रश घ्यायला वळले, कारण डोळे ते कॉम्प्युटरवर काढणार नव्हते, छापील फोटोवर हातानं काढणार होते. इकडं चारूचं सावली उजळणं चालूच होतं. अंजनाच्या काखेत काहीतरी गाठोडं होतं. नानांनी भिंगातून पाहिलं होतं तेव्हाही त्यांना ते गाठोडंच वाटलं होतं. ते जसजसं उजळलं तसतसा त्याला कान आला, गाल आला, रडून वाकडं झालेलं तोंड आलं.

राणी बाकावरून उतरून कधी पुढं आली ते कुणाला कळलं नाही. तिनं पडद्याला बोट लावलं. "आबा, ह्ये कोन?"

बिराप्पा वाकला. बराच वेळ वाकून बघत राहिला.

"तू," तो म्हणाला. "त्या साली तुला दात येत हुतं. दिसभर रडायचीस." आणि मग तो आमच्याकडं वळून हसायला लागला, हसता हसता पटक्याच्या शेवानं डोळे पुसायला लागला. "आवं बाई, इतकी वरसं मी म्हनतोय, त्या दिवशी ती माजा नाच बघत हुती. लय जोरात नाचलो हुतो वं मी. तिनं बघितलंच न्हाई!"

आम्ही सगळेच हसलो. राणी हसली नाही. ती आधी त्या रडक्या तोंडाकडं बघत होती, मग त्या झुकलेल्या पापण्यांकडं, मग पुन्हा खाली. बोटानं तिनं वरून खालपर्यंत एक रेघ ओढली.

"आय माज्याकडंच बघतीया," ती म्हणाली.

बिराप्पाचं हसू थांबलं. नाना हातात ब्रश घेऊन दारात उभे होते.

"नाना," बिराप्पा म्हणाला, "डोळं नगा काढू. हाय तसंच द्या."

नानांनी ब्रश खिशात ठेवला. एवढ्या वर्षांच्या धंद्यात त्यांना असं कुणी सांगितलं नसावं. ते मान हलवत म्हणाले, "बरोबर आहे. माझंच चुकत होतं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. हार्डवेअर इंजिनियरनं रडू नये असा काही नियम नाही.

प्रिंटरनं कुरकुरत तो फोटो काढला. पानभर मोठा. झाडाखाली एक बाई, तिच्या काखेत एक रडकं मूल, आणि ती त्या मुलाकडं बघते आहे. समोर एवढा ढोल वाजतोय, एवढी माणसं नाचतायत, तिला त्याचं काही नाही.

नानांनी फोटो वाळवला, मागं पुठ्ठा लावला आणि गाडीत चुरगळू नये म्हणून कागदात गुंडाळायला घेतला, तशी राणीनं पुढं होऊन तो दोन्ही हातांनी धरला.

"गुंडाळू नगा."

"अगं, धूळ लागेल वाटेत."

"मग तिला मी दिसायची न्हाई," राणी म्हणाली.

नानांनी कागद बाजूला ठेवला. आम्ही तिघं स्टुडिओच्या पायरीवर येऊन उभे राहिलो. बाप-लेक गल्लीतून स्टँडच्या दिशेनं चालले होते. राणीनं फोटो छातीसमोर आडवा धरला होता, स्वतःकडं तोंड करून. समोरून सायकली येत होत्या, हातगाडे येत होते, आणि बिराप्पा तिच्या खांद्याला धरून तिला बाजूला घेत होता, कारण ती रस्त्याकडं बघतच नव्हती.